वर धरलेले हात

पिटूची आई ऑपरेशन थिएटरातली नर्स. स्वच्छतेच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही. घरी आलेल्या पाहुण्याला आधी बेसिन दाखवायचं, मग खुर्ची. "मला एकदाचं उकळूनच घे!" असं नवरा वैतागून म्हणायचा. लेकीला तर तिनं खेळ म्हणूनच शिकवलं होतं. कोपरापर्यंत साबण, खळखळून पाणी आणि मग दोन्ही हात वर. "आता कशालाही हात लावायचा नाही हं!" तशी उभी राहिलेली पोर इतकी गोड दिसायची की बाईसाहेब एकदम खूश.

आता पोर तीन वर्षांची झाली आणि कशालाच हात लावेना. चेंडू नको, माती नको, मांजर नको. जेवण चमच्यानं, तेही दुसऱ्यानं भरवलेलं. रस्त्यानं चालताना आईचं बोट धरायची नाही. कुशीत घेतली तरी हात बाहेरच. आपल्या पोरीत काही कमी तर नाही ना, हा विचार आईनं नवऱ्यापाशीही बोलून दाखवला नव्हता.

शेवटी बालवर्गाच्या बाईंनीच तिला बोलावून घेतलं. "तुम्हीच एकदा बघा, ताई. मी तर हात टेकले."

जमिनीवर पसरट टब मांडले होते. एकात कोरडे वाटाणे, एकात ओले स्पंज, एकात कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून केलेला पांढराशुभ्र लगदा. पोरं कोपरापर्यंत बरबटली होती, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. आणि त्या सगळ्या गोंधळात पिटू उभी होती. कोपरं वाकवलेली, दोन्ही हात छातीसमोर वर, बोटं पसरलेली, स्वतःच्या फ्रॉकलाही लागणार नाहीत अशी.

आई बघतच राहिली. ही तर ती स्वतः होती! हात धुऊन झाले की थिएटरात ती रोज अशीच तर उभी राहायची.

"अगं बाई! हे माझंच काम," ती पुटपुटली. पोरीत काहीएक कमी नव्हतं. तिनं आईचा शब्द पाळला होता, एवढंच. हात वर करायला आईनं शिकवलं, आणि खाली कधी घ्यायचे ते सांगायचं राहूनच गेलं.

"पिटू, लाव हात. चालतं, बाळा."

पिटूनं मान हलवली. "घाण होतील."

हे वाक्य कुणाचं, ते काय सांगायला हवं?

अंगावर कामावर जायचे कडक इस्त्रीचे कपडे होते. तरी आईनं बाह्या सरसावल्या, टबापाशी फतकल मारली आणि डोळे मिटून हात आत घातले. सर्रकन काटा आला. तिनं मूठ वळली, तर तो पातळ लगदा दगडासारखा घट्ट! मूठ उघडली, तर बोटांमधून ओघळून गेला. "अहो, हे काय!" ती बाईंवरच ओरडली. पुन्हा दाबलं, पुन्हा घट्ट. पुन्हा सोडलं, पुन्हा पाणी. इतकी वर्षं हात नुसते धुण्यात गेले की हो! ती खुळ्यासारखी हसत सुटली.

पिटू जवळ सरकली. एक बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. ते बोट तिनं कितीतरी वेळ निरखलं. मग पंजा. मग दोन्ही हात, पार मनगटापर्यंत. तोंडाचा चंबू झाला, श्वास घ्यायचंही पोर विसरली. खोलीतला कालवा आईला ऐकू येईनासा झाला. हे आपल्या डोळ्यांदेखत घडतंय, यावर तिचा विश्वासच बसेना.

पिटूनं निथळते हात बाहेर काढले आणि आईकडे बघितलं. बाईंनी लगबगीनं फडकं पुढे केलं. आईनं मानेनंच नको म्हटलं.

ते गार, चिकट हात तिच्या गालांवर आले. नाकावरून, पापण्यांवरून, कानांच्या पाळ्यांवरून सावकाश फिरत राहिले. आईनं पापणीही हलू दिली नाही.

"आई," पिटू थक्क होऊन म्हणाली, "तू मऊ आहेस!"