‘भयाण’ची चिठ्ठी

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता. शब्दाखाली द्यायचं वाक्य मनाने रचायचं नाही, ते कुणीतरी खरोखर बोललेलं हवं. चिठ्ठीच्या पुढे शब्द, अर्थ आणि वाक्य. मागे तीन रकाने : कोण बोललं, कुठे, कशासाठी.

अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. बाकीचे बाजारात, दवाखान्यात बसून वाक्यं गोळा करायचे. मी घरी ताईला बोलतं करायचो. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शिंप्यांसाठी काजं-बटणं करून तिने मला शिकवलं. आम्ही दोघंच. तिची वाक्यं मी ‘भाजीवाली’, ‘प्रवासी’ अशा नावांवर खपवायचो.

“आज कोण झाले मी?” ती विचारायची.

“सुतार.”

“मग रंधा तरी आणून दे की.”

गेल्या वर्षी एका सोमवारी माझ्याकडे ‘भ’ होता. निघता निघता मी नेहमीसारखा म्हणालो, “ताई, भयाण.”

तिने सुई कापडात टोचून ठेवली. “तू गेलास की घर भयाण होतं रे. आज राहतोस का?”

मी पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्यात शब्द नव्हता, म्हणून सोडून दिलं. वर तिला शिकवायलाही गेलो. “घर कसं भयाण होईल? ओसाड, बघून छातीत धस्स व्हावं असं ते भयाण. दरी, रान. आपल्या दोन खोल्यांत कसलं आलंय?”

“मग दरी लिही,” ती म्हणाली. “जा, उशीर होईल तुला.”

दुपारी शेजारणीचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा ताई खुर्चीतच गेली होती, मांडीवर अर्धं काज झालेला सदरा. रीळ घरंगळत दारापर्यंत गेलं होतं.

“आठ दिवस दार उघडं टाकून बसायच्या,” शेजारीण म्हणाली. “एकटीला धडधडतं म्हणायच्या. मी म्हटलं, भावाला सांगा. तर म्हणाल्या, सांगते. आज सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, सांगितलं.”

ती चिठ्ठी मी तशीच खणात टाकली होती. परवा छपाईआधीच्या तपासणीत ती संपादकबाईंच्या हाती लागली.

“पाठ कोरी आहे हिची,” त्या म्हणाल्या. “काढून टाकते. ‘भयाण दरी’ आहेच आपल्याकडे.”

हो म्हणालो असतो तर सगळं निभावलं असतं. एका चिठ्ठीवर खरं लिहिलं, तर माझ्या बाकीच्या चारशे चिठ्ठ्या खोट्या ठरणार होत्या, आणि या कचेरीबाहेर मला जगात दुसरी जागा नाही. पण ते वाक्य केराच्या टोपलीत जाताना मला बघवलं नसतं. मी चिठ्ठी मागून घेतली आणि उभ्यानेच लिहिलं. कोण : बहीण. कुठे : घरी. कशासाठी : भावाने घरी राहावं म्हणून.

बाईंनी वाचलं. मग माझ्या खणांकडे पाहिलं.

“आणि बाकीच्या?”

“त्याही तिच्याच.”

“सुतारसुद्धा?”

“सुतारसुद्धा.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझे चारही खण ओढून टेबलावर ठेवले. “बसा. सगळ्या पाठी खऱ्या करा. मग छापू.”

दोन दिवस तेच करतो आहे. ‘भाजीवाली’ खोडून ‘बहीण’. तिसऱ्या रकान्यातलं जे मी रचलं होतं तेही खोडून एकच लिहितो : भावाने शब्द विचारला म्हणून. हात सवयीने चालतो. चिठ्ठी उलटून पुढची बाजू वाचायची मी टाळत होतो.

आज ‘दमणे’ची चिठ्ठी चुकून सुलटी पडली. माझ्याच अक्षरात, सहा वर्षांपूर्वीचं : ‘हात दमतात रे आता.’

तिसऱ्या रकान्यात काय लिहावं, कळत नाही. पेन उघडं ठेवून बसलो आहे.