वृषालीच्या नावावरची गाडी

गाडी अजून न्हावाशेव्याच्या बंदरात, कंटेनरमध्ये कुलूपबंद होती, आणि इकडं लासुर्ण्यात तिच्यावरून घरात रोज पेटत होतं. कुणी तिचं चाक पाहिलं नव्हतं, काचेवरून हात फिरवला नव्हता. तरी द्वारकाबाईंनी दारापुढं तिच्यासाठी नवा निळा पत्रा टाकून शेड उभं केलं होतं. सगळ्या आळीला सांगून झालं होतं, की आमची गाडी समुद्रावरून येतीय म्हणून. फक्त जिच्या नावावर ती गाडी होती त्या वृषालीला, त्यांच्या धाकट्या सुनेला, कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि विचारायचं तरी कशाला? सुनेचं काम काय, तर दाखवाल तिथं सही करायची!

आता सुनेच्या नावावर गाडी झालीच कशी, ते आधी ऐका. वृषालीचा नवरा युवराज हा साखर कारखान्यातला पॅनमन, म्हणजे उसाचा रस उकळून साखरेचा दाणा धरणारा कसबी माणूस. नऊ वर्षं तो केनियातल्या एका कारखान्यात होता. वृषाली आणि लेक संस्कृती बरोबरच. अडीच वर्षांमागं तिथं कोरी गाडी घ्यायचं ठरलं आणि द्वारकाबाईंनी इथून फोनवर नुसता कहर मांडला.

"युवराजच्या पत्रिकेत वाहनसुख न्हाय! गुरुजींनी धडधडीत सांगितलंय. त्याच्या नावानं घेतली तर मी हितं अन्न सोडीन, सांगून ठेवते!"

सुनेच्या पत्रिकेत मात्र म्हणे वाहनाचा योग ठासून भरलेला. झालं, गाडी वृषालीच्या नावावर झाली. युवराजनं पेढे वाटले, तिनं चावी घेतली, आणि त्या दिवसापासून ती चावी तिनं कुणाला दिली नाही.

कन्हेरीत माहेरी असताना तिच्या हातात कधी सायकलसुद्धा आली नव्हती. केनियात ती रोज चाळीस किलोमीटर गाडी हाणू लागली. कारखान्याच्या वस्तीतली पाच पोरं मागं बसवायची, शहरातल्या शाळेत न्यायची, स्वतः तिथंच गणित शिकवायची आणि संध्याकाळी पोरांना घेऊन परत यायची. रस्त्यात उसाचे ट्रक आडवे आले की हॉर्न दाबून त्यांना बाजूला करायची. त्या गाडीत बसलं की तिला कुणी चहा टाक म्हणत नसे. एवढं सुख तिला जन्मात दुसरीकडं कुठं मिळालं नव्हतं, आणि ते ती उघडपणे बोलूनही दाखवायची.

म्हणून परत यायचं ठरलं तेव्हा ती हटूनच बसली, गाडी बरोबर न्यायची. परदेशातला मुक्काम हलवून कायमचं परतणाऱ्याला आपल्या नावावरची एक गाडी आणता येते. तिच्यावर ड्युटी भरायची, तीही गाडीच्या किमतीहून जबर. शिवाय दोन वर्षं ती विकणार नाही, दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं लिहून द्यायचं. युवराज हसला. म्हणाला, "तेवढ्या पैशात तिकडं दोन गाड्या येतील." ती म्हणाली, "येऊ देत. मला हीच पाहिजे." ड्युटीसाठी तिनं शाळेचा सगळा पगार वेगळा ठेवला होता. युवराजच्या खिशाला तोशीसही लागणार नव्हती.

युवराज दोन महिने आधी गावी आला. येताना गाडीचं लॉगबुक, म्हणजे तिकडचं मालकीचं पुस्तक, घेऊन आला. आईला ते देवापुढं ठेवून हळदीकुंकू वाहायचं होतं ना! वृषाली मागं राहिली, गाडी मोंबासाच्या बंदरात जहाजावर चढवली, लेकीची परीक्षा उरकली आणि मग आली. आली तो इथं सौदा होऊन बसलेला.

सौदा असा. नऊ वर्षं युवराजच्या वाटणीचं रान थोरला भाऊ मानसिंग कसत होता. कालव्याकडचं, काळंभोर, पाण्याला हाताच्या अंतरावर. युवराजनं आल्या आल्या ते मागितलं. मानसिंगनं मिशीवर हात फिरवला आणि म्हणाला, "घे की. पर ती गाडी मला दे." आणि युवराज, चाळिशीचा बाप्या, एका दमात "दिली" म्हणून मोकळा झाला.

शनिवारी सकाळी सोप्यात सगळी बसली. द्वारकाबाई खांबाला टेकून, मानसिंग खुर्चीत, युवराज खाली मान घालून सतरंजीवर. वृषालीच्या भावाला, दीपकला, कन्हेरीहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मधोमध स्टॅम्प पेपर. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, हक्कसोडपत्र. आपल्याकडं बहिणी भावांना जमिनीचं लिहून देतात ना, तोच मसुदा. फक्त गट नंबराच्या जागी गाडीचा नंबर घातलेला.

"कर सही," मानसिंग म्हणाला. "सोमवारी तुला बंदरावर जायचंय. सही केलीस की आई पुस्तक काढून देईल."

"भावजी, ही गाडी दोन वर्षं कुणाला देता येत नाही. तसं मला सरकारला लिहून द्यायचंय."

"दे की लिहून. हितं लासुर्ण्यात कोण बघाया येतंय?"

"म्हणजे सोमवारी मी लिहून द्यायचं की देणार नाही, आणि आज लिहून द्यायचं की दिली? सही माझी, गुन्हा माझा, ड्युटी माझी, आणि गाडी तुमची?"

"बघा, बघा!" द्वारकाबाई कडाडल्या. "आफ्रिकेत जाऊन वकील होऊन आलीया! अगं, त्याच्या पत्रिकेत खोट हुती म्हणून तुझं नाव लावलं. नाव लावलं म्हणून मालकीण झालीस व्हय? लावायला सांगणारी मीच हुते न्हवं?"

वृषालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, तुम्ही बोला की काहीतरी. त्या गाडीनं मी काय काय केलंय ते तुम्हाला ठाऊक हाय. सांगा यांना."

युवराज सतरंजीचा दोरा ओढत बसला. "आता ताणू नको," तो म्हणाला. "रान म्हणजे रान असतंय. गाडी काय, पुन्हा घेऊ."

असा राग आला तिला! मानसिंगचा नाही आला, सासूचा नाही आला, तेवढा या माणसाचा आला. तिनं फोन काढला, बंदरावरच्या एजंटला लावला आणि स्पीकर मोठा केला.

"मिसाळसाहेब, माझ्या घरच्यांना जरा सांगा. गाडी दुसऱ्याला दिली तर काय होईल?"

"मॅडम, सापडलं तर गाडी जप्त, दंड, आणि केस तुमच्यावर," एजंट म्हणाला. "तसलं काही करू नका. सोमवारी पासपोर्ट आणि लॉगबुक आणा."

"आणि गाडी नकोच असली तर?"

एजंट म्हणाला, "नको म्हणजे... ड्युटी भरायच्या आधी मालक लिहून देऊ शकतो, की मी या मालावरचा हक्क सोडला. मग ड्युटी लागत नाही. जहाजाचं अन् गोदामाचं भाडं तेवढं द्यावं लागतं. गाडी सरकारजमा. पण असं कोण करतंय, मॅडम?"

"त्याला लॉगबुक लागतं का?"

"मालाची कागदं तुमच्या नावानं, तुमच्यापाशीच आहेत. लॉगबुकाचं काय खास अडणार नाही."

तिनं फोन ठेवला. मानसिंगच्या कपाळाची शीर टरारून वर आली. "धमकी देतीया! आपल्याच घराला धमकी!" द्वारकाबाईंनी तर छातीच बडवून घेतली, मग तरातरा आत गेल्या, देव्हाऱ्यापुढचं पुस्तक आणलं आणि सुनेच्या मांडीवर फेकलं. "घे! मर घेऊन! पर गाडी दारात आण. आळीला तोंड दाखवायचंय मला."

"जाऊ दे तिला, आई," मानसिंग हलकेच हसला. "सही न्हाय तर न्हाय. गाडी एकदा दारात लागू दे. चावी ह्याच घरात राहणार हाय न्हवं?"

पुस्तक मिळालं. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मानसिंगचं ते हसणं तिच्या डोक्यातून हलेना.

रविवारी दुपारी संस्कृतीला कन्हेरीला आजीपाशी ठेवलं आणि दीपक तिला बारामतीच्या स्टँडवर सोडायला निघाला. वाटेत ती म्हणाली, "दीपक, गाडी घेऊन मी लासुर्ण्याला जातच न्हाय. कन्हेरीला आणते. आपल्या चिंचेखाली लावू."

दीपकनं मोटारसायकलचा वेग कमी केला. "ताई, तेवढं नको बघ."

"का?"

"युवराजरावांशी, मानसिंगरावांशी आमी कशाला वाकडं घ्यायचं? उद्या उसाला तोड मागायची झाली तर मानसिंगरावांचाच शब्द चालतो. आणि खरं सांगू का, करायची हुतीस काल सही. आमाला नव्हतीस का केली? मागच्या दिवाळीत आलीस, हसत हसत केलीस. तवा कुठं एवढी भांडलीस?"

तिला खरंच हसत हसत केलेली सही आठवली. आईनं साडी नेसवली होती, दीपकच्या बायकोनं पुरणपोळी केली होती, आणि घर, रान, चिंच, सगळं दीपकच्या एकट्याच्या नावावर झालं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, भाऊच तर आहे. तिला ते फार लागलं. उतरताना एवढंच म्हणाली, "सुखात राहा बाबा." आणि पनवेलच्या एसटीत जाऊन बसली. रात्रीपुरती मावसबहिणीकडं टेकली.

सोमवारी बंदरावर कंटेनरचं दार उघडलं आणि गाडी दिसली. चंदेरी, धुळीनं माखलेली. चाकांना अजून तिकडची तांबडी माती होती. वृषाली पळतच गेली. बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले आणि भर दुपारी, हमालांच्या देखत, हमसून हमसून रडली. लाज वगैरे काही वाटली नाही तिला. आत बसली. सीट तिच्या उंचीचं होतं, आरसा तिच्या नजरेचा होता. मागच्या सीटवर कुठल्याशा पोराची खोडरबराचा तुकडा पडलेला होता.

"मॅडम, ड्युटीचं चलन काढू का?" एजंटनं खिडकीशी वाकून विचारलं.

ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. काढलं चलन, भरले पैसे, निघाली बाहेर; मग? पनवेल, लोणावळा, पुणं, पुढं बारामती. आणि बारामतीच्या पुढं? लासुर्ण्याच्या निळ्या पत्र्याखाली लावली की मानसिंग दुसऱ्या सकाळी चावी मागणार. आज नाही मागितली तर उद्या मागणार, आणि नवरा म्हणणार, ताणू नको. कन्हेरीच्या चिंचेखाली जागा नाही. या एवढ्या मोठ्या जिल्ह्यात तिच्या नावाची एक गाडी होती, आणि ती लावायला तिच्या नावाचं एकही दार नव्हतं. पैसे ड्युटीत गेले तर ते दार कधी होणारही नव्हतं. पैसे हातात राहिले तर बारामतीत दोन खोल्या भाड्यानं मिळतील, संस्कृतीची शाळा होईल, आपल्यालाही कुठंतरी गणित शिकवता येईल. तिनं पुनःपुन्हा मनात फिरवून पाहिलं. दुसरा रस्ता सापडला असता तर तिनं घेतलाच असता. पण नव्हता.

"चलन नको," ती म्हणाली. "तो दुसरा कागद काढा."

"मॅडम, घरच्यांवरच्या रागात करू नका. गाडी चांगली आहे हो."

"माहिती हाय मला किती चांगली हाय ते! काढा कागद."

कागदावर तिनं नाव लिहिलं, सही केली. अक्षर नीट आलं. अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा हो म्हटलं. मग चावी टेबलावर ठेवली आणि मागं न बघता गेटच्या बाहेर आली.

बाहेर चहाच्या टपरीवर बसली तोच फोन वाजला. युवराज होता. मागं हलगीचा आवाज येत होता. द्वारकाबाईंनी हलगीवाला बोलावलेला दिसत होता.

"कुठवर आलीस? दादा हार घेऊन बसलाय. आई ओवाळायचं ताट धरून उभी हाय."

"गाडी न्हाय येत," वृषाली म्हणाली. "मी हक्क सोडला. सरकारला दिली."

त्याचा आवाज एकदम चढला, फाटला. "येडी का खुळी तू? आता मी दादाला काय सांगू? अगं, गेलं की माझं कालव्याकडचं रान! गेलं सगळं!"

तिनं वाट पाहिली. तू कशी आहेस, कुठं आहेस, कशी येतीस, यातलं काहीतरी विचारील म्हणून थोडी जास्तच वाट पाहिली. तो रानाचंच बोलत राहिला.

चौदा वर्षं ती त्याला अहो म्हणत आली होती.

"तुझं एवढंच गेलं व्हय रे, युवराज?" तिनं विचारलं, आणि उत्तर न ऐकता फोन ठेवून दिला.