पाळण्याचं भाडं

"नऊ किलो दोनशे," काट्यावर वाकून तुरगुनायने वाचलं. "आणि तुझ्या तिकिटात किती बसतं, ठाऊक आहे? पाच!"

"पाचच?" अनारखानचे डोळे मोठे झाले. "जावई तर म्हणाला, तिकीट अगदी स्वस्तात मिळालं."

"स्वस्तच आहे की! रिकाम्या हातांनी गेलीस तर."

किर्गिझस्तानातल्या ओशच्या विमानतळाच्या दाराबाहेर, झाडाखाली, तुरगुनाय वजनकाटा घेऊन बसायची त्याला एकोणीस वर्षं झाली होती. आत काउंटरवर फजिती नको म्हणून लोक आधी तिच्याकडे वजन करून घेत. रशियाला कामाला निघालेली माणसं तिच्यासमोर पिशव्या सोडत, जर्दाळू काढत, पुन्हा कोंबत, आणि शेवटी एकावर एक तीन स्वेटर चढवून भर उन्हात घामाघूम होत आत शिरत. तुरगुनाय स्वतः कधी विमानात बसली नव्हती. पण कोणती कंपनी जास्तीच्या किलोला किती उकळते, हे तिने झोपेतसुद्धा सांगितलं असतं!

आज काट्यावर चक्क पाळणा चढला होता. लाकडी, लालहिरवा, जुना. अनारखानच्या लेकीला नोवोसिबिर्स्कला मुलगा झाला होता, आणि पहिल्या बाळाचा पाळणा आईच्याच माहेरून जायला हवा. परवा बाळाला त्यात घालायचं होतं. सासरची सगळी माणसं जमणार होती.

अनारखान आत जाऊन विचारून आली, ती पांढराफटक चेहरा घेऊनच. "आपा, ह्याचं भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त! मी बसून जाणार ती स्वस्त, आणि हा पडून राहणार तो महाग?"

मागे उभा असलेला सव्वाशे किलोचा एर्गेश खो खो हसला. "मला बघा! मला कुणी काट्यावर चढवतच नाही."

"चढवलं तर माझा काटा मोडेल, मेल्या!" तुरगुनाय उसळली. "ही बाई पंचेचाळीस किलोची. पाळणा कडेवर घेऊनही तुझ्या निम्मी भरत नाही. आणि जास्तीचे पैसे कुणी भरायचे? हिने! हा कुठला न्याय?"

"मी थोडाच केलाय हा कायदा, आपा," एर्गेश ओशाळून म्हणाला.

"राहू दे," अनारखान हळूच म्हणाली. "तुमच्याकडेच ठेवून जाते."

हे वाक्य तुरगुनायला चांगलंच ओळखीचं होतं. चार वर्षांपूर्वी मॉस्कोतल्या नातीचा पाळणा याच भाड्यापायी तिच्या घरी राहिला होता. नात दुकानातल्या प्लास्टिकच्या खाटेत वाढली. तुरगुनायने तिला पाहिलं होतं ते फक्त फोनवर.

"ठेवतेस कुठली!" तिने पाळण्याला गुडघा लावला. "ह्याला खिळा एकही नाही. नुसत्या खुंट्या आहेत."

ठक्! ठक्! पाच मिनिटांत पाळण्याचा ढीग झाला. मग ती उठली आणि मोठ्याने ओरडली, "नोवोसिबिर्स्कवाले कोण कोण रे? बाळाचा पाळणा जायचाय! कुणाच्या पिशवीत जागा आहे?"

बाळाच्या वस्तूला नाही कोण म्हणणार? एका विद्यार्थिनीने पिशवीतले बूट काढून पायात चढवले आणि तिथे तळाची फळी बसवली. दोघा गवंडी भावांनी बाजू वाटून घेतल्या. एर्गेशच्या जॅकेटात पाळण्याचे दोन्ही पाय गडप झाले. "मला का नाही? मी काय पाप केलंय?" म्हणून एक आजोबा रुसले, तेव्हा त्यांना खुंट्या मिळाल्या.

काटा तसाच सोडून तुरगुनायही सगळ्यांच्या मागोमाग आत गेली.

"आजोबा, हे काय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"खुंट्या."

"कशाच्या?"

"पाळण्याच्या."

"मग पाळणा कुठाय?"

आजोबांनी मागच्या अख्ख्या रांगेकडे बोट दाखवलं. मुलीने एकेक पिशवी काट्यावर घेतली. एकीचंही वजन जास्त नव्हतं. ओठ घट्ट मिटून, हसू गिळत ती एकेकाला पास देऊ लागली.

वरचा दांडा मात्र राहिला. कुठल्याच पिशवीत तो मावेना.

"हा हातातही नाही चालणार, आपा. फार लांब आहे," ती मुलगी खरंच वाईट वाटून म्हणाली.

"ह्यालाच धरून तर झोका देतात," अनारखानचा आवाज चिरकला. "माझ्या आजीनेसुद्धा…"

"जावयाला सांग, तिकडच्या लाकडाचा नवा करील," तुरगुनाय म्हणाली. " तुझ्या लेकीच्या हाताला तोच सवयीचा होईल. जा, बाळ वाट बघतंय."

अनारखानने दोन्ही हातांनी दांडा तुरगुनायच्या हातांत दिला. "जपा हं," एवढंच म्हणाली.

"आपा, चला! पाळणा निघाला!" पुढून विद्यार्थिनीने अनारखानला हाक मारली.

तुरगुनाय बाहेर येऊन आपल्या जागी बसली. मांडीवरच्या दांड्याचा रंग दोन्ही टोकांना शाबूत होता. मधोमध तो पार उडाला होता आणि लाकूड चार बोटांपुरतं झिजलं होतं. तिची बोटं आपसूक तिथे बसली. मनगट हलकेच वळलं.

रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. तिने हात तिथेच थांबवला.

"आपा, माझी बॅग बघता का?" कुणीतरी विचारलं.

"ठेव," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने काटा सरळ केला.