आपोआप उघडणारं पान

मी एक बायबल बोलतोय. काचेच्या कपाटातून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येईल. थोडं जवळ या. काचेला मात्र हात लावू नका, रखवालदार लगेच ओरडतो.

मी खिशात मावणारा नाही. दोन्ही हातांनी उचलावा लागतो असा जाडजूड आहे. कातडी बांधणी, सोनेरी कडा, बंद करायला पितळी कडी. माझा जन्म एका छापखान्यात झाला. यंत्रांवर पुरुष होते आणि छापलेल्या कागदांच्या घड्या शिवायला बायका. मला जिने शिवलं तिला वाचता येत नव्हतं. सुईत दोरा ओवता ओवता तिने शेजारणीला विचारलं, "काय गं, एवढं जाड पुस्तक. ह्यात बायका असतील का?"

"असणारच की. बायकांशिवाय एवढं लांबेल कसं?"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादम खेकसला, तशा पुन्हा खाली बघून टाके घालू लागल्या.

मला प्रार्थनामंदिरात आणलं ते तिथल्या बायकांनी. हिवाळाभर एकत्र बसून पांघरुणं शिवली, विकली, आणि त्या पैशांतून मी आलो. माझ्या पहिल्या पानावर मात्र नावं लिहिली ती मंदिराचा कारभार बघणाऱ्या पंचांची. वेदीजवळच्या उतरत्या मेजावर मला ठेवलं आणि तिथूनच मी माणसं बघायला शिकलो.

उजवीकडच्या बाकांवर पुरुष, डावीकडे बायका. फरशी पुसायच्या बायका, फुलं मांडायच्या बायका, गाणी उचलून धरायच्या बायका, लहान मुलांना प्रार्थना शिकवायच्या बायका. कुणी गेलं की रडायच्या आणि मागाहून भांडी घासायच्याही त्याच. मला पुसायला त्यांचा हात चालायचा. मला वाचायला नाही. कुणी असा नियम लिहून ठेवला नव्हता, म्हणून तो मोडायचा कसा हेही कुणाला कळत नव्हतं.

त्या शिवणारीची शंका खरी होती. माझ्यात पुष्कळ बायका आहेत. खजुरीच्या झाडाखाली बसून अख्ख्या देशाचे न्यायनिवाडे करणारी आहे. बापाच्या जमिनीत आम्हालाही वाटा हवा, असं भर सभेत उभं राहून मागणाऱ्या बहिणी आहेत. सापडलेला ग्रंथ खरा की खोटा हे विचारायला राजाने ज्या बाईकडे माणसं धाडली, तीही आहे. जांभळं कापड विकणारी एक आहे, तिच्या घरात भक्त जमायचे. आणि प्रभूची कबर रिकामी असल्याची बातमी पहिल्यांदा घेऊन आल्या त्या बायकाच. त्यांचं बोलणं पुरुषांना बडबड वाटलं, तेही माझ्यात लिहिलेलं आहे.

पण ही पानं कुणी उघडतच नव्हतं. कोऱ्या पुस्तकाच्या सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. माझ्या त्या पानांच्या वर्षानुवर्षं तशाच चिकटलेल्या राहिल्या. उघडायचं ते एकच ठिकाण. पत्नीने पतीच्या अधीन राहावं, हे सांगणारं. प्रत्येक लग्नात तेच, प्रत्येक भांडणात तेच. इतक्या वेळा तिथे उघडलं की त्या जागी माझी पाठ मोडली. मला कुठूनही उघडा, मी धपकन तिथेच पडायला लागलो. लोक म्हणत, "बघा, ग्रंथ स्वतःहून तेच पान दाखवतो." मोडलेली पाठ आणि देवाची इच्छा यातला फरक मी कुणाला समजावणार? ते पान माझंच आहे, नाकारत नाही. पण मी म्हणजे तेवढं एकच पान नव्हे.

आमचे पाळक, म्हणजे उपासना चालवणारे धर्मगुरू, मनाने मऊ होते. मला उघडण्याआधी हात धुवायचे. त्यांच्या पत्नीला सगळे पाळकीणबाई म्हणत. लग्नाआधी त्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. आता फुलदाण्या भरायच्या. आपल्या भाषेत भक्तांच्या समुदायाला मंडळी म्हणतात आणि बायकोलाही मंडळी. त्यावरून लोक पाळकांची थट्टा करायचे. "तुम्हाला दोन मंडळ्या सांभाळायच्या, जड जात असेल!" पाळक हसायचे. पाळकीणबाई हसायच्या नाहीत.

त्यांच्या तीन मुलांतली मोठी मुलगी, तिला घरात थोरली म्हणत. तिचं लग्न वखारवाल्यांच्या मुलाशी झालं. वखारवाले पंचांमधले प्रमुख. मंदिराचं छप्पर त्यांच्या लाकडाचं, बाकं त्यांच्या लाकडाची, मी ज्याच्यावर होतो ते मेजही त्यांचंच, आणि माझी पितळी कडीसुद्धा त्यांनीच करवलेली. लग्नात पाळकांनी स्वतः वाचलं. कुठलं पान, ते सांगायला नको.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी थोरली मंदिरात आली. पाळक माझ्यासमोर उभे राहून रविवारच्या प्रवचनाची तयारी करत होते. एवढ्या उकाड्यात तिच्या अंगात पूर्ण बाह्यांचं झंपर होतं. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

"बाबा, मी आले."

"अगं, एकटीच? आणि सामान?"

"सामान घेतलं असतं तर निघता आलं नसतं. भाजी आणते म्हणून सांगितलं."

तिचा आवाज बसलेला होता, सर्दीने बसतो तसा नाही. तिने उजव्या हाताने डाव्या बाहीची गुंडी काढली. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं आणि बोटं मिटत नव्हती. पाळकांनी बघितलं. मग मान वळवली. काय करावं ते न सुचून त्यांनी मला उघडलं. मी नेहमी पडतो तिथेच पडलो.

"बाळा," ते म्हणाले, "संसारात थोडं नमतं घ्यावं लागतं."

"किती, बाबा?"

ते पानावरच्या ओळी शोधू लागले. तेवढ्यात पाळकीणबाई फुलं घेऊन आल्या. त्यांनी मुलीकडे बघितलं, फुलं पहिल्याच बाकावर टाकली.

"अहो, तिचा हात बघितलात?"

"बघितला."

"मग पुस्तक कसलं उघडताय? डॉक्टरांना बोलवा!"

हाड मोडलं होतं. हात पट्टीत बांधला गेला आणि थोरली शेजारच्या पाळकघरात राहिली. पण दोन दिवसांत वखारवाले आले. आवाज चढवणाऱ्यांतले ते नव्हते. पहिल्या बाकावर बसले, बाकाच्या लाकडावरून हात फिरवला.

"व्याहीबुवा, पोर जरा वेंधळी आहे. जिन्यावरून पडली आणि रुसून आली. आमची तक्रार नाही. रविवारी उपासनेत तुम्ही दोन ओळी वाचा, तिला सगळ्यांसमोर माफी मागू द्या. आम्ही गाडी घेऊन येतोच आहोत. विषय संपला."

"तिची प्रकृती..." पाळक चाचरले.

"घरी आराम पडेलच की. आणि हो, पाळकघराची गळती काढायची आहे ना? पावसाआधी माणसं पाठवतो. राहणार तुम्हीच ना त्यात?"

शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं. ते गेल्यावर पाळक बराच वेळ माझ्यावर हात टेकून उभे होते. पाळकीणबाई दारातून आत आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ती जिन्यावरून पडली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"मग काय करू? घर मंदिराचं. धाकट्या दोघांची शाळा इथली. उद्या निघा म्हणाले तर आपण जायचं कुठे?"

"आपण कुठेही जाऊ, चार माणसं आहोत. तिला परत पाठवलं तर ती कुठे जाणार, ते मला दिसतंय."

पाळक माझी कडी लावत-काढत राहिले. मला पहिल्यांदा कळलं की त्या मेजाला फक्त मीच जखडलेला नव्हतो.

रविवारी मंदिर भरलं. उजवीकडे पुढच्या बाकावर वखारवाले आणि जावई. डावीकडे पुढे थोरली, गळ्यात पट्टी, पट्टीत हात, आणि शेजारी तिची आई. बाहेर गाडी उभी होती. गाणी झाली. पाळक माझ्याजवळ आले, त्यांनी कडी काढली. मी सवयीने पडलो. त्यांचं बोट पहिल्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं.

डावीकडून पाळकीणबाई उठल्या. फुलदाणी सरकवायला येत असाव्यात असंच लोकांना वाटलं असेल, कुणी हललं नाही. त्या सरळ माझ्यापाशी आल्या. पाळकांचा हात अजून पानावर होता.

"अहो, हात काढा," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्या हाताखाली होतो, म्हणून सांगतो. क्षणभर तो जास्तच दाबला गेला. मग उचलला.

पाळकीणबाईंनी पानांचा गठ्ठाच्या गठ्ठा मागे टाकला. चिकटलेल्या कडा चरचरत सुटल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या त्या भागाला हवा लागली. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचावं तसं, ठणठणीत आवाजात.

गोष्ट अशी आहे. एक बाई नवऱ्याचं घर सोडून बापाकडे आली. काही महिन्यांनी नवरा न्यायला आला. बापाला आनंद झाला. त्याने जावयाला ठेवून घेतलं, रोज खाऊपिऊ घातलं. सासरा आणि जावई जेवले, गप्पा मारल्या, आज राहा, उद्या जा, असं चाललं. तिला जायचंय का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मग तिला नवऱ्याबरोबर रवाना केलं. वाटेत मुक्कामाच्या गावात गुंड दाराशी आले, तेव्हा नवऱ्याने स्वतःचा जीव वाचवायला तिलाच धरून दाराबाहेर ढकललं. सकाळी त्याने दार उघडलं तर ती उंबरठ्यावर हात टाकून पडलेली. तो म्हणाला, ऊठ, निघू या. तिने उत्तर दिलं नाही. ती कधीच उत्तर देणार नव्हती.

पाळकीणबाईंनी पानावर बोट ठेवून मान वर केली.

"विहीणबाई!" वखारवाले उभे राहिले. "हे भलतंच काय वाचताय? हे कुठून काढलंत?"

"ह्याच पुस्तकातून. तुम्हीच कडी करून घेतली होती ना ह्याला? त्याच्या आतच आहे." त्या पानावर वाकल्या. "शेवट राहिलाय, बसा. ज्यांनी ज्यांनी हे पाहिलं त्यांना ही गोष्टच सांगते, की यावर विचार करा, आपसांत बोला, आणि तोंड उघडा."

मग त्या मुलीकडे वळल्या. "त्या बाईला कुणी विचारलं नाही. मी तुला विचारते. जायचंय?"

थोरली उठली. बसक्या आवाजात म्हणाली, "नाही जायचं. मी पडले नव्हते. माझ्या नवऱ्याने माझा हात दाराच्या फटीत घालून मोडला."

जावई खाली बघत राहिला. डावीकडच्या बाकांवर कुणीतरी हुंदका दाबला, आणि कुणाचा तो, हे बघायला एकही बाई मागे वळली नाही. सगळ्यांना आपलाच वाटला असावा.

पाळकांनी त्या दिवशी ठरलेलं पान वाचलं नाही. त्यांनी एवढंच केलं, मला मिटलं, खाली उतरले आणि मुलीच्या खांद्याखाली हात घालून तिला घराच्या वाटेने नेलं. लोक म्हणतील, यात मोठं काय? मी इतकी वर्षं त्या माणसाचा हात ओळखत होतो. माझ्या मते ते मोठं होतं.

त्याच आठवड्यात पंचांची बैठक माझ्यासमोर बसली. वखारवाले म्हणाले, "ज्याला घरची मंडळी आवरत नाही, तो ही मंडळी काय आवरणार?" दोघेचौघे हसले.

"खरं आहे," पाळक म्हणाले. "मला आवरता आली नाही. बरं झालं." आणि त्यांनी पाळकघराची किल्ली बाकावर ठेवली.

ते सगळे दुसऱ्या गावी गेले. पाळकीणबाई पुन्हा शाळेत शिकवतात, पाळक मुलांच्या शिकवण्या घेतात. थोरली एका दवाखान्यात कामाला आहे. हात पुरता सरळ झाला नाही, पण तिचा आहे. हे मला कपाटाची काच पुसणाऱ्या बायकांच्या कुजबुजीतून कळतं. जावई अजून पुढच्याच बाकावर बसतो.

आणि मी? वखारवाल्यांनी आपल्या वखारीतलं उत्तम लाकूड काढून मंदिरातच हे कपाट करवलं. "ग्रंथ जुना झालाय, जपायला हवा," असं त्यांनी जाहीर केलं. मेजावर नवा, पातळ ग्रंथ आला. मला आत ठेवून कुलूप लावलं. अर्थात मोडल्या जागी उघडून, म्हणजे माझी दोन पानं सगळ्यांना दिसतात आणि बाकीची सगळी त्यांच्याखाली दबून राहतात. न्यायनिवाडे करणारी दबली आहे, वाटा मागणाऱ्या बहिणी दबल्या आहेत, बातमी आणणाऱ्या दबल्या आहेत. मी सगळं जाणतो आणि काचेला एक टिचकीही मारू शकत नाही.

मागच्या आठवड्यात एक तरुण मुलगी आली. लग्न होऊन फार दिवस झाले नसावेत. बराच वेळ काचेपाशी उभी राहून दिसतं तेवढं वाचत होती. मग रखवालदाराला तिने विचारलं, "काका, ह्याचं पुढचं पान बघता येईल?"

"कुलूप आहे, बाई. किल्ली वखारवाल्यांकडे."

"बरं," ती म्हणाली, आणि ओढणी नीट करून गेली. कुठे गेली, मला माहीत नाही. तिच्या मागे मी हाक मारली असती, पण ग्रंथाला तोंड नसतं. त्याला फक्त वाचणारे असतात.

मला सोडवा, असं मी म्हणत नाही. म्हातारा झालोय, बाहेरची हवा आता मला सोसणारही नाही. एकच मागणं आहे. तुमच्या दारात एखादी मुलगी पिशवी न घेता आली, तर तिला आत घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. परत पाठवलीत, तर स्वतःच्या नावावर पाठवा. माझं नाव पुढे करू नका.