थंड बुटातला दिवा

उस्ताद बोलायला फार महाग. चाळीस वर्षं बूट शिवताना दातांत खिळे धरून बसलेला माणूस. तोंड उघडलं की खिळे सांडतील ही धास्ती त्यांना खिळे नसतानाही वाटत असावी. त्यामुळे दुकानातलं सगळं बोलणं उस्तादीणबाईंच्या वाट्याला आलेलं. मापं द्यायला आलेल्यांशी त्याच गप्पा मारायच्या, उशीर झाला की सबबी त्याच सांगायच्या, आणि नवऱ्याने नुसतं 'हं' केलं तर ते होकाराचं 'हं' की नकाराचं, हेही गिऱ्हाइकाला त्याच समजावून द्यायच्या.

दोन वर्षांपूर्वी लेकीने ऑफिसातली चांगली नोकरी सोडली आणि आगगाडीने दीड दिवस लागेल अशा लांबच्या शहरात स्वतःचं बुटांचं दुकान टाकलं. उस्ताद भांडले नाहीत. भांडायचं तर बोलावं लागतं. तिचा फोन आला की ते "जेवलीस का" एवढं विचारत, आणि ती काय जेवली हे कळायच्या आत फोन बायकोच्या हातात देत. पोरीला शिकवली ती या चामड्याच्या आणि खळीच्या वासातून सुटावी म्हणून, आणि ती बया शिकूनसवरून त्याच वासात मांडी घालून बसली, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. बापलेकीचं हे 'जेवलीस का' ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. या दोघांनी एकदा घडाघडा बोलावं, मग भांडले तरी चालेल, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि तशी वेळ आली. लेकीकडे एक पोस्टमन आला होता. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. अशा पायाला बुटाच्या आत बुचाचा थर घालून उंची द्यावी लागते, आणि ते काम उस्तादांसारखं कुणाला जमत नसे. लेकीने दोन जोड केले. पहिला चार दिवसांत आतून दबला आणि पोस्टमन पुन्हा लंगडायला लागला. दुसरा तिने उंच केला, तर बिचारा उजवीकडे कलला. शुक्रवारपर्यंत तिसरा जोड द्यायचा होता, नाहीतर तो कंटाळून दुसरीकडे जाणार होता. लेकीने आईला गळ घातली, की बाबांना एकदा फोनवर करून दाखवायला सांग ना. बाईंनी विचारलं. उस्ताद म्हणाले, "हं." बाईंनी तो होकार आहे असं परस्पर ठरवून टाकलं.

पहिल्या प्रयत्नात उस्तादांनी एका हातात फोन धरला आणि एका हाताने बूच तासायला घेतलं. लेकीला अर्धा तास छताचा पंखा दिसला, मधून मधून वडिलांचा कान. तिने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्याच दिवशी एक पार्सल धाडून दिलं.

बुधवारी सकाळी ते आलं. आत फोन धरायची एक पकड, तिला खाली स्क्रू, आगपेटीएवढा एक दिवा आणि घडी घातलेला एक कागद. कागद मराठीत होता, म्हणजे अक्षरं मराठी होती. कुठल्याशा यंत्राने तो मराठीत ढकलला होता आणि नंतर कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. बाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. पकड आपल्याकडील त्रिपादावर आरूढ करावी. त्रिपाद सोबत मिळत नाही. दिवा थंड बुटात सरकवावा. गरम बूट वापरू नये. बूट घट्ट बसल्याची खात्री करावी.

उस्तादांनी हातातलं काम खाली ठेवलं. कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. मग जे झालं ते बाईंनी लग्नानंतर मोजून तीनचार वेळा पाहिलं असेल. उस्ताद हसले.

"हे आपल्यातल्या कुणीतरी बनवलंय," ते म्हणाले.

आता यात त्यांचं तरी काय चुकलं? बूट शिवणाऱ्याच्या दुकानात त्रिपाद असतोच. तीन पायांची लोखंडी ऐरण; पुरुषांचा, बायकांचा आणि लहान मुलांचा, असे तीन आकारांचे पाय तीन दिशांना, बूट पालथा घालून ठोकायला. आणि गरम बूट म्हणजे तळ चिकटवण्याआधी शेगडीवर धरलेला, थंड म्हणजे चिकटवून, दाबून, रात्रभर निवालेला. गरम बुटाला हात लावू नये हे तर त्यांच्या वडिलांनी त्यांना कान पिळून शिकवलं होतं. जगात कुणीतरी फोनचा सरंजाम बनवताना बूट शिवणाऱ्यांचा विचार केला, याचं उस्तादांना इतकं अप्रूप वाटलं की ते चक्क सलग चार वाक्यं बोलले. या लोकांना काम कळतं म्हणाले. पोरीने वस्तू पारखून घेतली म्हणाले. बाई कागद सोडून नवऱ्याकडेच बघत राहिल्या.

पण बाईंना शंका आली. उस्ताद माडीवर निवालेला बूट शोधायला गेले तशी त्यांनी दुकानातल्या जुन्या फोनवरून कागदावरचा नंबर फिरवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने विचारलं की थंड बुटात काही अडचण आहे का. बाई म्हणाल्या, बूट थंडच आहे, सोमवारी केलेला. मुलगी बूट सैल आहे का म्हणून विचारती झाली. बाई म्हणाल्या, छे, नऊ नंबरचा आहे, ज्याचा आहे त्याला अगदी मापात बसतो. मुलीने मग फार सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की मॅडम, पकडीच्या माथ्यावर जी बारीक खाच दिसते ना, तिलाच बूट म्हणतात; तिच्यात वीज येत नाही म्हणून थंड. दिवा त्या खाचेत सरकवायचा. आणि त्रिपाद म्हणजे कॅमेऱ्याचा घडीचा, तीन पायांचा स्टँड, तो बाजारात वेगळा मिळतो.

बाईंनी आभार मानले, फोन ठेवला आणि मागे वळून पाहिलं. उस्तादांनी तोवर ऐरणीच्या मोठ्या पायावर तो नऊ नंबरचा बूट सुलटा बसवून चामड्याच्या पट्टीने करकचून आवळला होता, आत कातरणं ठासून पकडीचा दांडा त्यात रोवला होता, आणि शेजारच्या फटीत दिवा खोचला होता. वर फोन ताठ उभा. भिंत हलली असती, पण तो फोन हलला नसता. दिव्याचा उजेड नेमका बुचावर पडत होता. उस्ताद दोन पावलं मागे सरून त्याकडे बघत होते आणि पुटपुटत होते की कागदात लिहिलंय तसंच केलं की कसं बसतं बघा.

बाईंच्या ओठावर आलेलं त्यांनी गिळलं. पोटात काही न ठेवणारी बाई म्हणून गल्लीत त्यांची ख्याती, पण ही एक गोष्ट त्यांनी आजतागायत पोटात ठेवली आहे. बोलायला लागलेल्या माणसाला गप्प करायचं पाप कोण घेईल?

लेकीला फोन लावला. आणि अहो, उस्ताद सुटले. वस्तू आपल्यातली, म्हणजे ऐकणारंही आपल्यातलं, असं काहीसं त्यांच्या डोक्यात बसलं असावं. बूच कुठल्या बाजूने कापायचं, कापायची रापी हाताने ढकलायची नाही तर खांद्याने ढकलायची, टाचेकडे उंची ठेवून चवड्याकडे कशी उतरवत आणायची, सगळं बोलून दाखवत होते. लेक मधे प्रश्न विचारी, तर तिला थांबवून आधी तिने काय केलं ते विचारत. बाई दाराशी उभ्या राहून गिऱ्हाइकांना हातानेच परतवत होत्या. दोघीजणी तशाच गेल्या, एकीला उद्याचा वायदा होता. असू दे.

मग उस्ताद म्हणाले, तुझे दोन्ही जोड दाखव. लेकीने भीत भीत ते पुढे धरले. उस्तादांनी पहिला नीट पाहिला, दुसरा पाहिला, आत बोट फिरवायला सांगितलं, टाके जवळून दाखवायला सांगितले. दोन वर्षांत उस्तादांनी तिच्या हातचा एकही बूट पाहिला नव्हता.

"माप घेताना पोस्टमन कसा उभा होता?" त्यांनी विचारलं.

लेक म्हणाली, सरळ उभा होता, अनवाणी.

"पिशवी?"

"पिशवी बाजूला ठेवली होती."

"टाचेची झीज बघ, तो दिवसभर पिशवी डाव्या खांद्याला लावून चालतो. ते सगळं ओझं आखूड पायावर येतं, आणि बूच दबतं. पत्रं भरलेली पिशवी खांद्याला दे, चार जिने चढउतर करायला लाव, मग माप घे." मग त्यांनी बुचाची कड पुन्हा न्याहाळली. "तासण्यात तुझी चूक नाही. माझ्याहून बारीक तासलंयस."

लेकीने हातातला बूट फिरवून पुन्हा स्वतःच पाहिला.

उस्तादांनी तिला बुटाची जीभ उलटून आतली बाजू दाखवायला सांगितली. तिथे कारागीर आपला शिक्का मारतो. तिथे काहीच नव्हतं.

"शिक्का कुठाय?"

"केलेला नाही, बाबा. कुठल्याच बुटात मारलेला नाही अजून. तुम्ही एकदा काम बघाल, मग करून घेईन म्हटलं."

उस्तादांनी रापी उचलली आणि फडक्याने पुसायला लागले. स्वच्छ रापी ते बराच वेळ पुसत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि या वेळी त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगायची बाईंना गरज वाटली नाही.

"उद्या सकाळी जाऊन करून घे," ते शेवटी म्हणाले. "पोस्टमनच्या बुटात तोच मार."

लेकीने विचारलं, त्याच्यावर नाव कुणाचं घालू, तुमचं की दोघांचं.

"नुसतं तुझं," उस्ताद म्हणाले. "कुणाची लेक आहेस ते टाके बघून कळतंच."

पलीकडे लेक रडायला लागली, आणि अलीकडे दाराशी उभ्या असलेल्या बाईही गिऱ्हाइकांदेखत खुशाल रडल्या.