चार हातांच्या आत

वेस्ट विंडसरच्या त्या घरासमोर गाडी लावून रवींद्र पाव तास नुसताच बसून राहिला. मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून दहा तास गाडी हाकत आला होता, आणि आता शेवटची वीस पावलं त्याच्याच्यानं टाकवत नव्हती. नागपूरला बाबा जाऊन चाळीस दिवस झाले होते, आणि शोभनाताईला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या लेकीला, अजून कुणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम ह्याचं होतं.

हा शिकलेला माणूस. पीएचडीचा विषय काय, तर सतराव्या शतकातले ॲमस्टरडॅमचे ज्यू. धर्मापायी स्पेन-पोर्तुगालातून परागंदा झालेले हे लोक तिथे जरा स्थिरावले, आणि मग आपल्यातल्याच वेगळा विचार करणाऱ्यांना वाळीत टाकू लागले. त्याला ते हेरेम म्हणत. हेरेम झालेल्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या चार हातांच्या आत जायचं नाही, त्यानं लिहिलेलं वाचायचं नाही. त्यातले काही बंडखोर म्हणत, माणसाच्या मनावर कुठल्याच सत्तेचा हुकूम चालत नाही. पुढे जग त्या बंडखोरांच्या बाजूनं गेलं. आमचे रवींद्र मात्र वाळीत टाकणाऱ्या पंचांच्या बाजूनं. ज्यांना राज्य नाही, सैन्य नाही, तुरुंग नाही, त्यांनी आपला समाज सांभाळायचा कशानं? अबोल्यानं! हे वाक्य त्याच्या प्रोफेसरांना आवडलं. फोनवर बाबांना सांगितलं, तर त्यांना त्याहून आवडलं.

का नाही आवडणार? ताईनं जातीबाहेरच्या कुमारशी लग्न केलं, त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव टाकलं होतं. आता तर मुलानं परदेशातून पुरावाच धाडला. "मी मेलो तरी तिला कळवायचं नाही," असं त्यांनी रवींद्रकडून कबूल करून घेतलं, आणि ह्यानं केलंही. आई लवकर गेल्यावर ज्या ताईनं ह्याचा डबा भरला, शर्टाची बटणं लावली, हाताला धरून शाळेत पोचवलं, तिच्याबद्दल ह्यानं "हो बाबा" म्हटलं. पढतमूर्ख म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

तीन वर्षांपूर्वी त्याचा एक पेपर नेटवर वाचून ताईनं एका ओळीची ईमेल पाठवली होती. 'त्यातल्या किती जणांना परत घेतलं रे?' ह्यानं इमानेइतबारे माहिती पाठवली. बहुतेकांना लवकरच परत घेतलं. त्यांनी माफी मागायची, आणि ज्यांनी हेरेम लावला त्यांनीच तो रीतसर उठवायचा. ताईचं उत्तर आलं, 'आणि माफी कशाची मागायची तेच ज्याला कळत नाही, त्यानं काय करायचं?' ह्याच्या फायलींत त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून ह्यानं ते दिलंच नाही.

शेवटी तो उतरला. बेल वाजवल्यावर दार ताईनंच उघडलं. कानांजवळचे केस पांढरे झाले होते.

"रव्या!" तिचा चेहरा असा उजळला, की ह्याला तोंड कुठे लपवू असं झालं. मग तिनं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मुंडन केलेल्या डोक्यावर केस जेमतेम अर्ध्या पेराएवढे उगवले होते. "बाबा?"

"बाबा गेले, ताई."

"कधी?"

"चाळीस दिवस झाले."

ती तिथेच, दारातल्या चपलांशेजारी खाली बसली. मृत्यूची बातमी उशिरा कळली तर शोक किती पाळायचा, ह्याचेही त्या ज्यू पंडितांचे नियम होते. महिना उलटून गेला असेल, तर फक्त एक तास. रवींद्रला ते तोंडपाठ होतं. आपल्याकडे काय करतात, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"माझं नाव काढलं का रे कधी त्यांनी?" ताईनं विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. पण एवढा रस्ता तो त्यासाठी आला नव्हता.

"शेवटचे दोन दिवस. म्हणायचे, शोभूला फोन लाव."

"मग?"

"ताप खूप होता गं. मधेच बरळायचे. मला वाटलं, नीट शुद्धीवर येऊन बोलले की लावू. इतक्या वर्षांचा त्यांचा शब्द, आणि तापात…"

"किती वेळा म्हणाले?"

"पाच-सहा वेळा."

"त्यांनी तुझ्याकडे अर्ज करायला हवा होता का, रव्या?"

रवींद्र रडायला लागला. ताई रडली नाही. भिंतीला धरून उठली, "मला अंघोळ केली पाहिजे," एवढंच म्हणाली, आणि आत गेली. आतून नळाचा आवाज येऊ लागला, आणि त्याखाली दुसरा एक आवाज, जो तिला कुणाला ऐकू द्यायचा नव्हता. त्याला वाटलं, आपण आता जावं. पण तो चपलांशेजारीच उभा राहिला.

तेवढ्यात टीव्हीसमोरून उठून ताईची मुलगी आली. सहा वर्षांची यामिनी. ह्यानं तिला आजवर पाहिलेलं नव्हतं. तिनं मान वाकडी करून त्याला नीट निरखलं.

"आर यू माय मामा? मॉम सेज आय हॅव अ मामा इन मिशिगन."

म्हणजे ह्या घरात त्याचं नाव निघत होतं. मुलीला सांगितलेलं होतं. इतकी वर्षं, एकदाही फोन न करणाऱ्या भावाचं नाव ताईनं घरात जपून ठेवलं होतं. रवींद्रनं गुडघे टेकले, डोळे पुसले आणि हात पुढे केला.

ताई ओल्या केसांनी बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नाही गं," ती शांतपणे म्हणाली. "ते म्हणजे तुझ्या आजोबांचा मुलगा. त्यांना पाणी आणून दे."

"ओह, ओके," म्हणत यामिनी पाणी आणायला गेली.