पेटीत ठेवलेलं काळं घड्याळ

मित्रांनो, काळा रंग कधीही उतरत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. माझ्यासोबत आलेल्या माहितीपत्रकात ते ठळक अक्षरांत छापलं होतं. ते पत्रक अजून काळंकुळकुळीत आहे. मी नाही.

मनगटावर बांधायचं एक जुनं घड्याळ, ही माझी ओळख. आतून पोलादी, वरून काळं. हा काळेपणा ब्रशने फासलेला नव्हे. तसल्या रंगाचे वर्षभरात पोपडे निघतात. आम्हाला बंद भट्टीत ठेवून धातूची वाफ आमच्या अंगावर बसवली. थर इतका पातळ, की एका केसाचे उभे पन्नास पदर काढले तर त्यातला एक. एवढ्या कपड्यावर मला जन्म काढायचा होता.

मी आणि माझा जुळा भाऊ एकाच दिवशी एका दंतवैद्याच्या घरी आलो. डॉक्टरांना काळ्या घड्याळांचा नाद होता. आमच्याआधी बारा येऊन बसली होती. घड्याळात किती वाजले याच्याशी डॉक्टरांना कर्तव्य नसे. कुणाचा थर किती टिकतो, हा त्यांचा जन्माचा प्रश्न.

आम्हा दोघांना आणलं तेही प्रयोगासाठी. भावाने रोज डॉक्टरांच्या मनगटावर राहायचं आणि मी पेटीत. सहा वर्षांनी दोघांची तुलना. पेटी उघडायची ती फक्त महिन्याच्या पहिल्या तारखेला. भिंगातून बघायचं, वहीत लिहायचं, पेटी बंद. नियम कडक होता, आणि नवऱ्याचा कडक नियम म्हणजे बायकोला घरबसल्या मिळालेलं वेळापत्रक.

डॉक्टरांची बायको तलावावर पोहायला शिकवायची. तिथे सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पहिल्याच वर्षी बाईंचं घड्याळ बंद पडलं. "हे नुसतं पडूनच तर आहे," म्हणत त्यांनी मला उचललं. प्रयोग त्यांना समजावून सांगितला होता. पण त्या घरात घड्याळांविषयीचं बोलणं पंख्याच्या आवाजासारखं होतं. चालू आहे, एवढं कळे.

दर गुरुवारी आणि रविवारी मी पाण्यात जाऊ लागलो. काय सांगू मित्रांनो! पाण्याखालून माणसांचे पाय किती गोंधळलेले दिसतात! कुणी श्वास किती वेळ धरला, हे बाई माझ्याकडे बघून सांगत आणि ती व्यक्ती लगेच माझ्यावर अविश्वास दाखवी. घरी आल्यावर बाई मला टूथब्रश आणि पेस्ट लावून खसाखसा घासत. दंतवैद्याच्या घरात पेस्टच्या फुकट नमुन्यांना काय तोटा! मग मऊ फडक्याने पुसून पेटीत. वस्तू दुसऱ्याची असेल तर ती स्वच्छ करूनच परत ठेवावी, असं त्यांचं वळण.

इकडे वहीत नवल घडू लागलं. भाऊ डॉक्टरांच्या बाहीखाली सुखात होता. तो हात आयुष्यात कुठे आपटला नव्हता. त्याच्यावर एक ओरखडा नाही. आणि पेटीत 'विश्रांती घेणाऱ्या' माझ्या कडा पांढऱ्या पडलेल्या!

"अगं, ऐकलंस का? वापरातलं ठणठणीत आणि पेटीतलं झिजतंय! जगात कुणाच्या लक्षात आलं नसेल हे!" डॉक्टर जेवता जेवता उठून उभे राहिले.

बाईंच्या लक्षात तेव्हाच आलं. त्यांनी तोंड उघडलं. पण नवरा इतक्या आनंदाने कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"हो का?" त्या म्हणाल्या. "बसून जेवा."

मीही गप्प होतो. खरं बाहेर पडलं असतं, तर पेटीला कुलूप लागलं असतं आणि माझा तलाव सुटला असता.

सहावं वर्ष संपलं. संग्राहकांची मंडळी घरी जमली. डॉक्टरांचा शोध फोनवरून आधीच पसरला होता. नकाशे काढणाऱ्या एका काकांनी तर धास्तीने आपली सतरा घड्याळं पेटीतून बाहेर काढली होती. त्यातली आठ दोन्ही हातांत कोपरापर्यंत घालून ते आले होते.

डॉक्टरांनी वही वाचून दाखवली. मंडळी थक्क झाली. एक चष्मेवाले मात्र दिव्याचं मोठं भिंग घेऊन आले होते. ते त्यांनी माझ्यावर धरलं.

"डॉक्टर, इथे रेघा दिसतायत. बघा बरं."

डॉक्टर वाकले. सव्वीस वर्षं ते रुग्णांच्या दातांवर असेच वाकत आले होते. त्यांचा आवाज आपोआप दवाखान्यातला झाला. "आडव्या रेघा. सगळ्या एकाच दिशेने. उजवा हात, जोर फार. हे झिजलेलं नाही. हे घासलं..."

ते थांबले आणि त्यांनी हळूच वर पाहिलं. दारात बाई कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"पेस्ट कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती... दात पांढरेशुभ्र करणारी."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. अहो, मी सांगणारच होते. पण तुम्ही इतके खुशीत होता!"

"अठरा वर्षं सांगतोय, आडवं घासू नकोस म्हणून!"

"ते दातांबद्दल होतं!"

कुणी हसलं नाही. तिघांनी पेस्टचं नाव लिहून घेतलं. नकाशेवाल्या काकांनी घाबरत विचारलं, "मग मी ही काढू का आता? हात उचलत नाहीये."

डॉक्टरांनी सहा वर्षांच्या नोंदींवर एक तिरपी रेघ मारली. खाली लिहिलं, 'पेटीचा दोष नाही.' मी श्वास रोखून होतो. डॉक्टरांनी मला उचललं आणि पेटीकडे न जाता बाईंच्या मनगटावर बांधलं.

"आता राजरोस वापर. फक्त घासू नकोस."

मित्रांनो, काळ्या घड्याळाला ओलं मऊ फडकं पुरतं. मग कोरडं फिरवा, कडा जपा, आणि जिवापाड माया असेल तर ती हातचं राखून करा. मायेने घासलेली वस्तूही झिजतेच.

त्या गुरुवारी मी पहिल्यांदाच उजळ माथ्याने तलावावर गेलो. तिथल्या भिंतीवर आदल्याच दिवशी दोन हात रुंद घड्याळ बसवलं होतं. बाई आता तेच बघतात.